सातवं पाणी

साबण ही चीज किती लबाड असते ते मला विचारा. डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही आणि तरी काचेला धरून बसलेली असते. तीस वर्षं मी कोल्हापुरातल्या एका संशोधन संस्थेत नोकरी केली, आणि त्यातली शेवटची सहा साबण काढण्यात गेली. मी रसायनशास्त्राची एम.एस्सी. आहे, पहिल्या वर्गातली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी कुप्या धुताना दिसेन आणि तुमचा गैरसमज होईल.

झालं असं, की २०३८ साली एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकची बंदी प्रयोगशाळांनाही लागली. नळ्या, डब्या, कुप्या, सगळं पुन्हा काचेचं आलं. धुण्याचं यंत्रही आलं. पण बारीक तोंडाच्या कुपीत त्याचा फवारा नीट पोचेना. तेव्हा चौगुले सर संचालक होते. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "शुभदा, हे काम तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही." लोक असं म्हणतात तेव्हा काम हलकंच असतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता थोडं शास्त्र सांगते. घाबरू नका, मी चांगली शिकवते.

डीएनए म्हणजे पिळलेली शिडी. शिडीची प्रत्येक पायरी दोन तुकड्यांच्या जोडीची. रुथेनियम नावाच्या धातूच्या एका अणूला तीन सेंद्रिय पंख जोडले, की एक गमतीदार रेणू तयार होतो. त्याचा एक पंख लांब आणि सपाट असतो. साध्या पाण्यात या रेणूवर निळा प्रकाश टाका, काही होत नाही. आजूबाजूचं पाणी त्याचा उजेड पिऊन टाकतं. पण तो पंख शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये सरकला, पुस्तकाच्या पानांत खूण सरकवावी तसा, की तिथे पाणी पोचत नाही. रेणू लगेच नारिंगी उजळतो. म्हणजे ज्या कुपीत उजेड, तिथे डीएनए. असा रेणू चौगुले सरांनी आणि मी २०१९ साली आमच्या प्रयोगशाळेत बनवला होता. पहिल्यांदा उजळला तेव्हा कुपी माझ्या हातात होती. पण आमचा रेणू कुठल्याही डीएनएत उजळायचा. गावभर दिवाळी, कुणाच्या घरात काय बिघडलंय ते कळायचं नाही.

ते कळवलं डॉ. मृण्मयी मगदूमनं. वय छत्तीस, माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान. तिनं काय केलं, तर तो सपाट पंख मुद्दाम रुंद केला. नीट बसलेल्या पायऱ्यांत तो शिरूच शकत नाही. जिथे जोडी चुकलेली आहे, पायरी डगमगते आहे, तिथेच तो चुकलेला तुकडा बाहेर ढकलून स्वतः बसतो आणि उजळतो. पेशी आपल्या डीएनएची नक्कल काढते तेव्हा अशा चुका होतच असतात, आणि त्या दुरुस्त करणारी व्यवस्थाही पेशीत असते. काही घराण्यांत ही व्यवस्था जन्मापासूनच ढिली असते. चुका साचत जातात आणि ऐन चाळिशीत आतड्याचा कर्करोग गाठतो. मृण्मयीच्या चाचणीत रक्तातल्या पांढऱ्या पेशी चार दिवस वाढवायच्या, त्यांना थोडा ताण द्यायचा आणि हा रेणू सोडायचा. व्यवस्था ठीक असेल तर अंधार. ढिली असेल तर उजेड. तिनं रेणूचं नाव ठेवलं 'पणती'.

पंख रुंद करायचा! एवढंच! हे मला का सुचलं नाही, हा प्रश्न पाच वर्षं माझ्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकलेला होता.

बरं, बाई वाईट असती तर सोपं गेलं असतं. मृण्मयी भली होती. मला 'काकू' म्हणायची. संस्थेतले सगळे मला मॅडम म्हणत, हिनं आल्या दिवशी काकू केलं. भाषणात आभार मानताना "आणि आमच्या हुपरीकर काकू, ज्यांच्यामुळे आमची काच लख्ख असते" असं म्हणून माझ्याकडे हात करायची. लोक टाळ्या वाजवायचे. मी हसायचे आणि आतल्या आत जळून खाक व्हायचे.

तेही गिळलं असतं. पण मग तिनं माझी मुलगी घेतली.

शरयू चोवीस वर्षांची, एम.एस्सी. होऊन गेल्या जूनमध्ये मृण्मयीच्या हाताखाली लागली. दोन महिन्यांत पोरीनं चहातली साखर सोडली, कारण मृण्मयीताई बिनसाखरेचा घेतात. चौथ्या महिन्यात कंबरेपर्यंतचे केस खांद्यापर्यंत आले. ते केस मी तिच्या जन्मापासून जपले होते, दर रविवारी शिकेकाईनं धुतले होते. जेवताना ताटावर मृण्मयीताई, झोपताना फोनवर मृण्मयीताई. एकदा मी म्हटलं, "तो मूळचा रेणू मीच बनवलाय गं." तर म्हणते कशी, "हो की, ताई सांगत होत्या. त्या वेळच्या मानानं चांगलं काम होतं म्हणाल्या."

त्या वेळच्या मानानं! मी त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ घातलं. संग्राम, म्हणजे माझा नवरा, शिरोलीला गाड्यांचं वर्कशॉप चालवतो, तो एक घास घेऊन म्हणाला, "कुणावरचा राग आहे हा? माझ्यावरचा नसला तर दही दे."

आता माझ्या धुण्याबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पणतीला साबणाचं वावडं. साबणाचे रेणू पाण्यात एकत्र येऊन बारीक गोळ्या करतात, आतून कोरड्या. आमचे हे रेणू त्या गोळ्यांत जाऊन बसतात आणि डीएनए भेटल्यासारखे उजळतात. म्हणजे कुपीत साबण राहिला, तर धडधाकट माणूसही आजारी ठरेल. म्हणून मी कुप्यांना सात पाणी द्यायचे. तीन नळाची, तीन शुद्ध पाण्याची. आणि सातवं पाणी सगळ्या कुप्यांना एकच. पहिल्या कुपीत ओतलेलं तेच दुसरीत, दुसरीतलं तिसरीत, असं चाळीसच्या चाळीस कुप्यांतून ते फिरवायचे. शेवटी ते एका कुपीत घेऊन त्यात आमच्या जुन्या रेणूचा एक थेंब टाकायचा आणि निळ्या दिव्याखाली धरायचं. चाळिसांतल्या एकीत जरी साबण राहिला असेल तरी ते पाणी चुगली करणार. उजळलं तर सगळा घाणा पुन्हा धुवायचा. अंधार राहिला तर कुपीवर तारीख घालून ती महिनाभर जपायची. तिला मी साक्षीची कुपी म्हणायचे. ही युक्ती माझी स्वतःची होती, कुठल्या पुस्तकातली नव्हे. माझी म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट माझ्याकडे उरली होती.

मंगळवारी सकाळी मृण्मयीनं आम्हाला तिच्या खोलीत बोलावलं. चौगुले सर निवृत्तीनंतरही सल्लागार म्हणून यायचे, तेही होते. आधीच्या फेरीत बारा रुग्णांच्या बाराही कुप्या बरोबर उजळल्या होत्या. ही फेरी चाळीस निरोगी माणसांची, आणि सगळीकडे अंधार अपेक्षित होता. नावं बंद पाकिटात, कुप्यांवर फक्त आकडे. शुक्रवारी आरोग्य खात्याची समिती येणार होती. त्यांनी मान डोलावली की पणती जिल्ह्याजिल्ह्यांतल्या तपासणी शिबिरांत जाणार होती.

"एकोणचाळीस अंधारात आहेत," मृण्मयी म्हणाली. तिचे डोळे तांबारले होते. "चौदा नंबर उजळलाय."

निळ्या दिव्याखाली ती कुपी निखाऱ्यासारखी दिसत होती.

"दोनच शक्यता," ती म्हणाली. "एक तर माझी चाचणी चुकतेय, नाहीतर चौदा नंबरला आजार आहे आणि त्याला माहीत नाही. मला दुसरं वाटतं. वेळेत कळलं तर ही माणसं दर वर्षी दुर्बिणीची तपासणी करून घेतात, गाठ धरायच्या आत काढून टाकतात आणि म्हातारी होतात. मला पाकीट उघडायची परवानगी हवी."

चौगुले सरांनी माझ्याकडे बघितलं. "शुभदा, कुप्या तुझ्या. साबणाचं काय?"

खरं उत्तर एका वाक्याचं होतं. साक्षीची कुपी माझ्या कपाटात होती, आणि तिच्यात काळाकुट्ट अंधार होता. मी तोंड उघडलं. तेवढ्यात माझी नजर शरयूवर गेली. ती मृण्मयीच्या खुर्चीमागे उभी होती आणि तिनं मृण्मयीच्या खांद्यावर हात ठेवला होता. माझ्या पोरीनं माझ्या खांद्यावर असा हात ठेवून किती वर्षं झाली, ते मला आठवेना.

"साबण राहिला असेल, सर," मी म्हटलं.

"साक्षीची कुपी?"

"त्या दिवशी ठेवायची राहिली. घाई होती. माझंच चुकलं."

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं. तीस वर्षांचं नाव मी एका वाक्यात घालवलं, आणि मला गोड वाटलं! मृण्मयीचा चेहरा पडला, आणि मला गोडच वाटलं. चौगुले सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मृण्मयी, मग अवघड आहे. तुझ्या-माझ्या संस्थेत साबण राहतो, तर खेड्यातल्या शिबिरात कुप्या कोण धुणार? थोड्या साबणानं एखाद्या धडधाकट माणसाला कर्करोगी ठरवलं तर लोक आपल्याला जोड्यानं मारतील. शुक्रवारी समितीला मला हे सांगावं लागेल. आणि पाकीट उघडता येणार नाही. दूषित कुपीवरून कुणाला घाबरवायचं नाही, हा नियम आहे."

त्या चौदा नंबरचा विचार मनात आला नाही असं नाही. आला. मी त्याला म्हटलं, बाबा रे, तू तुझं बघ.

संध्याकाळी घरी जाताना साक्षीची कुपी मी डब्याच्या पिशवीत घातली. वाटेत पंचगंगेच्या पुलावर गाडी थांबवली. एक हात बाहेर काढायचा अवकाश होता. पण महिना भरायच्या आत साक्षीची कुपी मी आजवर फेकलेली नव्हती. हात काही उचलेना. कुपी घेऊन तशीच घरी आले.

शरयू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रडत होती. "पाच वर्षांचं काम गेलं ताईंचं. आणि तुला एक शब्दही बोलल्या नाहीत, आई. उलट म्हणाल्या, काकूंना वाईट वाटलं असेल, त्यांना जप."

"मला जपायला तिची परवानगी लागते व्हय तुला?" मी म्हटलं.

"काय बोलतेस तू हे? कालपर्यंत मी सगळ्यांना सांगायचे, माझ्या आईच्या कुपीत साबण राहूच शकत नाही. म्हणून तर मी बिनधास्त रक्त दिलं."

"कसलं रक्त?"

"एक माणूस कमी पडत होता. तूच सांगितलंयस ना, सरांच्या वेळी कमी पडलं की तुम्ही आपलंच रक्त द्यायचा? मी दिलं." तिनं फोनच्या पाठीमागच्या खोळीतून एक घडी घातलेली चिठ्ठी काढली आणि डोळे पुसत हसली. "म्हणजे बघ, तुझ्या साबणानं मला वाचवलं. चौदा नंबर मीच. ताईंना माहीत नाही, नियम आहे ना. सकाळी त्या म्हणाल्या चौदा नंबरला आजार आहे, तेव्हा माझी बोबडीच वळली होती. मग तू साबण म्हणालीस आणि जीव भांड्यात पडला."

ती चेहरा धुवायला गेली. मी ओट्याला धरून उभी राहिले.

माझं माहेर निपाणीचं. आमच्या घरात एक वाक्य ठरलेलं होतं: आमची पोटं नाजूक. आजीचं पोट नाजूक होतं, ती बेचाळिसाव्या वर्षी गेली. माझी आई सेहेचाळिसाव्या वर्षी गेली. दादा एकोणचाळीसचा होता, मुंबईच्या डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवलं. आम्ही तिखट कमी केलं, ताक वाढवलं. सगळं शास्त्र शिकलेली मी, तीस वर्षं डीएनएच्या कुप्या हाताळणारी, मीही इतकी वर्षं म्हणत आले, आमची पोटं नाजूक.

आणि मी म्हणते, मृण्मयीनं माझी मुलगी घेतली!

बुधवारी मी पळवाट शोधली. शरयूला म्हटलं, "आपल्याकडे पोटाचा त्रास आहे, एकदा दुर्बिणीची तपासणी करून घे."

"चोविसाव्या वर्षी? कशासाठी?"

"आईची शंका म्हणून."

"आई, ताईंची चाचणी तू साबणाची ठरवलीस, आणि आता त्याच आजाराची भीती मला घालतेस? एकीकडे राहा बाई." ती हसली आणि गेली. तिचं काय चुकलं? सांगण्यासारखं कारण माझ्याकडे एकच होतं, आणि ते माझ्या डब्याच्या पिशवीत होतं.

गुरुवारी मी मृण्मयीच्या दारापर्यंत गेले. ती कपाटातले कागद खोक्यात भरत होती. मला बघून म्हणाली, "या काकू, चहा घेता? साखर नाही हं माझ्याकडे." मी परत फिरले. खोटं नाही सांगत, तेव्हासुद्धा मनात आलं, हिच्यापुढे मान खाली घालण्यापेक्षा दुसरं काहीही चालेल. आपल्या पोरीचा जीव एका बाजूला आणि स्वतःचं तोंड दुसऱ्या बाजूला ठेवून बाई दोन दिवस विचार करत बसते. हे मी केलेलं आहे.

संग्रामनं त्या संध्याकाळी माझ्यापुढे ताट सरकवलं. "तीन दिवस झाले, घास घशाखाली उतरंना तुझ्या. काय असंल ते ओकून टाक की."

मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडेल. तो शांतपणे म्हणाला, "गाडीचा ब्रेक लागत नाही हे मिस्तरीला कळलं आणि त्यानं गिऱ्हाइकाला सांगितलं नाही, तर त्याला आम्ही काय म्हणतो माहीत आहे? जाऊ दे. उद्या मी सोडतो तुला."

शुक्रवारी सकाळी अकराला समिती बसली. आरोग्य खात्याचे दोघे, मध्ये चौगुले सर. मृण्मयीनं पाच मिनिटांत आपलंच काम बाद असल्याचं सांगितलं. साबणाचं सांगितलं, पण कुप्या कुणी धुतल्या ते सांगितलं नाही. शरयू खिडकीपाशी पडद्याची दोरी धरून उभी होती. दिवा लावला की पडदा ओढायचं काम तिचं होतं.

"कुणाला काही म्हणायचंय?" सरांनी विचारलं.

मी डब्याची पिशवी टेबलावर ठेवली आणि साक्षीची कुपी बाहेर काढली. काच टेबलावर वाजली.

"हे त्या घाण्याचं सातवं पाणी आहे, सर. चाळीस कुप्यांतून फिरलेलं. झाकणावर तारीख आहे, माझ्या हातची. शरयू, पडदा ओढ."

खोली काळोखी झाली. मी दिवा लावला. मृण्मयीनं टेबलावर ठेवलेला चौदा नंबर तसाच नारिंगी जळत होता. त्याच्या शेजारी माझी कुपी ठेवली. तिच्यात काहीही दिसलं नाही. सर वाकले, खात्याचे दोघे वाकले. मग सरांनी कोपऱ्यातल्या सिंककडे बोट केलं, आणि मला कळलं त्यांना काय हवंय. मी सिंकवरच्या साबणाचा एक थेंब माझ्या कुपीत टाकला. ती भस्सकन उजळली. म्हणजे रेणू जिवंत होता. साबणच नव्हता.

"हे तू मंगळवारी का नाही सांगितलंस?" सरांचा आवाज इतका हळू होता, की मला जास्त लागलं.

"मी हिच्यावर जळते, सर," मी म्हटलं. "ही आली त्या दिवसापासून. हिनं केलं ते मला करायचं होतं. आणि माझी मुलगी हिची होत चालली होती. म्हणून खोटं बोलले. साबण नव्हता. माझ्या कुपीत साबण राहत नाही. मृण्मयीची चाचणी खरी आहे."

मग अंधारातून मृण्मयी बोलली, आणि ती माझ्याबद्दल बोललीच नाही. "सर, पाकीट उघडू द्या. चौदा नंबरला आजच्या आज कळवायला हवं. तीन दिवस वाया गेलेत."

"पाकीट नको उघडायला," मी म्हटलं. "चौदा नंबर तिथे पडद्याची दोरी धरून उभा आहे."

दोरी सुटली. पडदा अर्धा उघडला आणि ऊन सरळ शरयूच्या तोंडावर आलं. ती माझ्याकडे बघत होती.

"तुला कधीपासून माहीत होतं?" तिनं विचारलं.

"मंगळवारी संध्याकाळपासून. तू चिठ्ठी दाखवलीस तेव्हापासून."

"आज शुक्रवार आहे, आई."

मी तिच्याकडे निघाले. पण माझ्या आधी मृण्मयी पोचली. तिनं शरयूला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, तिच्याजवळ गुडघे टेकून हळू आवाजात काही सांगू लागली: दर वर्षी एक तपासणी, गाठ धरायच्या आत काढता येते, घाबरायचं नाही. शरयूनं तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. खरं सांगते, त्याही घटकेला माझ्या छातीत जळजळलं. सवय एका दिवसात जात नाही. पण मी जागची हलले नाही, आणि तिला तिथेच राहू दिलं.

थोड्या वेळानं शरयूनं डोकं वर केलं. नाक पुसलं. निपाणीच्या पोटांचा हिशेब तिनंही मनात केला असणार, शेवटी माझीच पोर.

"आई, हे माझ्यात तुझ्याकडून आलं असेल. उद्या तुझं रक्त घ्यायचं."

"घे. कुपी मी आत्ता धुऊन ठेवते."

"नको," ती म्हणाली. "तू नको धूस. तुझी कुपी मी धुणार."